जामचा घाट आणि गाडीचा सौदा

इंदूरहून महेश्वरास जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक मुंबई-आग्रा रस्त्याने मानपूरचा घाट उतरून धामनोदवरून जातो. तो रुंद, सरळ आणि घाई असलेल्या माणसाचा. दुसरा महूवरून बडगोंद्याकडे वळतो, जामच्या दरवाजापाशी माळव्याचे पठार सोडतो आणि वळणे घेत मंडलेश्वरास उतरतो. कोणत्याही बाजूने गेले तरी अंतर ९० किलोमीटरांच्या आसपास पडते. आमच्या घरात मात्र दुसराच मार्ग चालतो, कारण तो आईचा आहे.

वडिलांच्या अस्थी २०११ साली आम्ही महेश्वरच्या घाटावर विसर्जित केल्या. तेव्हापासून जमेल त्या पौर्णिमेला आई नर्मदेच्या दर्शनास जाते. आज तिचे वय ८४ आहे. जाम दरवाजा आला की ती गाडी थांबवायला लावते, पदर सावरते आणि खाली पसरलेल्या निमाडकडे तोंड करून हात जोडते. नदी तेथून नीट दिसतेच असे नाही. पण “ती तिथंच आहे की,” असे आई म्हणते, आणि त्यावर वाद संपतो.

ही यात्रा आजवर आमच्या २००९ सालच्या मारुती डिझायरने केली. वडिलांनी घेतलेली ही शेवटची मोठी वस्तू. २०२४ साली तिला पंधरा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा परिवहन कार्यालयात तपासणी करून पुढील पाच वर्षांसाठी तिची नोंदणी वाढवून घेतली. इंजिन अजून खणखणीत आहे. म्हातारपण आले आहे ते बाकीच्या अंगाला. खड्डा आला की मागच्या आसनावर त्याची वर्दी आधी आईच्या कमरेला पोहोचते. शिवाय माझ्या डाव्या गुडघ्याने क्लचशी उभे वैर धरले आहे. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, कार्तिकी पौर्णिमेहून परतताना आई महूपासून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर कळले की बोलण्याइतकी ताकदच तिच्यात उरली नव्हती. त्या रात्री सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, एक तर गाडी बदला, नाही तर त्यांना न्यायचं थांबवा.” दुसरा पर्याय आईपुढे मांडण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणातच नव्हते. म्हणून पहिल्याचा शोध सुरू झाला.

शोध घेता घेता एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे २०१५ सालची टोयोटा कॅमरी हायब्रिड दिसली. रंग मोतिया, आत कातडी आसने, मागे ऐसपैस जागा. नवी असताना या गाडीची किंमत ऐकून आम्ही रस्ता ओलांडून पलीकडे गेलो असतो. आता दहा वर्षांनी तिचे मोल नऊ लाखांवर आले होते. आमच्या डिझायरचे एक लाख वीस हजार धरून वर सात लाख ऐंशी हजार द्यायचे, असा सौदा होता. निवृत्त माणसाच्या घरात ही रक्कम सहज उचलून देण्याची नसते. ठेवीत असलेले ते पैसे आमच्या दुखण्याखुपण्यासाठी राखलेले होते. मी विक्रेत्यास म्हटले, “गाडी गावात फिरवून मला काही समजायचे नाही. ती जामच्या घाटाने महेश्वरला नेऊन आणू द्या.” गृहस्थ तयार झाला. पेट्रोल आमचे आणि सोबतीला त्याचा एक माणूस, असे ठरले.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, पहाटे गाडी दारी आली. खरे म्हणजे दारी आली नाही. नारायण बागेतली आमची गल्ली जुन्या काळची. पावणेपाच मीटरांहून लांब आणि एक मीटर ऐंशी सेंटिमीटरांहून रुंद अशी ही गाडी वळणावरच अडली. समोरच्या बिऱ्हाडाची स्कूटर हलवली, दुधवाल्याची सायकल भिंतीला टेकवली, तरी आरसे मिटूनच आत शिरावे लागले. शेवटी ती तोंडाशीच उभी करून आईला हात धरून चालवत नेले. आई आत बसली आणि बसताक्षणी तिचा चेहरा सैलावला. “अरे, हे तर दिवाणखान्यातल्या कोचासारखं आहे,” ती म्हणाली.

किल्ली फिरवण्याची सोय नव्हती. बटण दाबले, पडद्यावर अक्षरे उमटली, पण आवाज काही आला नाही. मी पुन्हा दाबणार तोच विक्रेत्याचा माणूस म्हणाला, “साहेब, सुरू झाली आहे.” हायब्रिड गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि विजेची मोटरही असते. सावकाश निघताना मोटर एकटीच गाडी ओढते. जोर लागला की इंजिन जागे होते. आणि कोण केव्हा काम करील ते गाडी स्वतःच ठरवते. क्लच नाही, गियर बदलणे नाही. माझा डावा पाय कित्येक वर्षांनी रिकामा बसला होता. राजवाड्याजवळच्या गर्दीतून आम्ही अक्षरशः निःशब्द निघालो.

महूला पोहे-जिलबी झाली. या गावाचे नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी येथेच झाला. छावणीचे नीटनेटके रस्ते मागे पडले की गव्हाची हिरवी शेते लागतात. थंडीत हा पट्टा फार सुरेख दिसतो. काळी माती, तिच्यावर कोवळ्या गव्हाची पाती, मध्येच पळसाचे एखादे झाड. आणि मग जमीन अचानक संपल्यासारखी होते. तेथेच जामचा दरवाजा उभा आहे. अहिल्याबाईंनी १७९१ साली तो बांधला. दुमजली, दगडी, माळव्याच्या अगदी काठावर. महेश्वरहून इंदूरकडे चढून येणाऱ्याला पठाराचे पहिले दर्शन येथे होई, आणि उतरणाऱ्याला निमाडचे. राजधानी महेश्वरी आणि मुलूख वर माळव्यात, अशा राज्यात हा दरवाजा किती महत्त्वाचा असेल ते तेथे उभे राहिल्यावर उमगते.

आम्ही मात्र त्या दिवशी तेथे उभे राहिलो नाही. मागे वळून पाहिले तर आईला गाढ झोप लागली होती. प्रवासात ती कधी झोपत नाही. कंबर झोपू देत नाही. सौभाग्यवतींनी ओठांवर बोट ठेवले. मी दरवाजा डाव्या हाताने सोडला आणि गाडी घाटात घातली.

या गाडीची खरी परीक्षा होती ती येथे. आमच्या डिझायरने हा घाट उतरायचा म्हणजे दुसऱ्या गियरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून. उतारावर गाडी जी धाव घेते ती ब्रेक घासून, तापवून वाया घालवायची, एवढेच आपल्या हाती असते. हायब्रिडमध्ये उताराला चाके मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते आणि ती बॅटरीत साठते. पुढच्या चढाला किंवा गावातल्या गर्दीला तीच कामी येते. वळणामागून वळण घेत उतरताना पडद्यावर बॅटरीची घरे एकेक करून भरताना दिसत होती, आणि मला एखाद्या लहान मुलासारखा आनंद होत होता. पण घाट अर्धा उतरतो न उतरतो तोच बॅटरी भरली. या गाड्यांची बॅटरी लहान असते. डोंगराएवढे दान पदरात घेण्याइतकी ओंजळ तिच्यापाशी नसते. त्यानंतर गाडीला आवरण्यासाठी इंजिन गुरगुरू लागले आणि पेडलवरचा माझा पायही जुन्या सवयीने सावध झाला. तरीही उतरण सुखाची झाली, हे मान्य केलेच पाहिजे.

मंडलेश्वराच्या वेशीवर आई जागी झाली. बाहेर पाहून तिने विचारले, “जाम गेलं?”

“हो गं, तुला झोप लागली होती.”

ती काही बोलली नाही. गाव मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद मंडलेश्वरी झाला, असे येथील लोक सांगतात. त्या वादात निवाडा करण्यास मंडनमिश्रांची पत्नी बसली होती, अशी कथा आहे. आमच्याही वादात न्यायाधीश कोण, हे मला त्या क्षणी कळून चुकले.

महेश्वरास पोहोचल्यावर नवाच प्रश्न उभा राहिला. बसताना सुखाचे वाटलेले आसन उठताना खोल निघाले. गाडी बुटकी, आसन मऊ, आणि आईच्या गुडघ्यांत जोर नाही. एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने सूनबाई, असे दोघांनी मिळून तिला बाहेर काढले. आमच्या डिझायरमधून ती एका हाताच्या आधाराने उतरते. एवढी मोठी गाडी घ्यायची ती जिच्यासाठी, तिला उतरताना दोन माणसे लागावीत, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

घाटावर आई पायरीवर बसून राहिली. नदी शांत होती. प्रवाहातले बाणेश्वराचे देऊळ उन्हात उजळले होते. वर किल्ल्यात अहिल्याबाईंची ती साधी गादी आहे. ज्या बाईने १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य चालवले, हिंदुस्थानभर घाट आणि देवळे बांधली, तिची स्वतःची बैठक पाहून प्रत्येक वेळी माणूस क्षणभर गप्प होतो. मी आईजवळ जाऊन बसलो आणि विचारले, “काय करू, घेऊ का?”

“गाडी चांगली आहे हो,” ती म्हणाली. “पाठ मुळीच दुखली नाही. पण जाम कधी आलं ते कळलंच नाही बघ.” मग थोड्या वेळाने, “आणि हे बघ, जुनी गाडी ह्यांनी घेतलेली म्हणून ठेवायची, असलं काही मनात धरू नकोस. गाडी म्हणजे काही तुझे बाबा नव्हेत.”

मनातली जी गाठ मी स्वतःलाही दाखवली नव्हती, ती तिने अशी एका वाक्यात सोडवून टाकली. आता उरला तो निव्वळ हिशेब.

घरी येऊन वही काढली. त्या दिवशी कॅमरीने लिटरला १६ किलोमीटर दिले होते. कंपनीने सांगितलेला आकडा १९ हून थोडा वर आहे. पण तो चाचणीतला, घाटातला नव्हे. डिझायर १४ देते. आमचे वर्षाचे फिरणे ६,००० किलोमीटरांचे. म्हणजे बचत ५३-५४ लिटरांची, रुपयांत सुमारे ५,६००. वर द्यायचे सात लाख ऐंशी हजार या बचतीतून भरून निघायला साधारण १४० वर्षे लागली असती. मुलगा हसून म्हणाला, “बाबा, हायब्रिड पैसे वाचवायला घ्यायची तर रोज गावात पन्नास-साठ किलोमीटर फिरणाऱ्यानं घ्यावी.” खरेच होते. आम्ही पेट्रोल वाचवायला निघालो नव्हतो. आईची कंबर वाचवायला निघालो होतो.

मग बॅटरीचा विचार. दहा वर्षांच्या हायब्रिडमध्ये सर्वांत महागडे आणि डोळ्यांना न दिसणारे अंग तेच. वय झाले की तिची साठवण्याची शक्ती उतरते, आणि नवी घ्यायची तर आकडा लाखांत जातो. मुसाखेडीतला आमचा मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, “भाईसाब, गाडी में दम है। पर बैटरी का भरोसा कागज से होगा, बात से नहीं।” म्हणून विक्रेत्याकडे दोन गोष्टी मागितल्या: देखभालीची सगळी नोंद आणि अधिकृत कार्यशाळेत यंत्र लावून केलेली बॅटरीची तपासणी. नोंदी २०२१ पर्यंतच्या मिळाल्या, पुढच्या नाहीत. तपासणी आज करू, उद्या करू, असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात मी त्याला नमस्कार केला आणि डिझायर परत घरी आणली. ही कागदपत्रे पूर्ण असती तर माझा निर्णय काय झाला असता, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

जुन्या गाडीला नवे शॉक अब्सॉर्बर, नवी क्लच प्लेट आणि रबरी बुश बसवले. मागच्या आसनात नवा, जरा कडक फोम भरून घेतला. एकूण ३८,००० रुपये लागले. क्लच आता हलका लागतो. माझा गुडघा अद्याप पूर्ण समाधानी नाही, पण तक्रार कमी करतो. महूला आणि मंडलेश्वरला दहा-दहा मिनिटे थांबून आईला चालवायचे, असा नियमही घातला. हा उपाय फुकटचा होता, आणि तो इतकी वर्षे सुचला नव्हता.

पौषातल्या पौर्णिमेला पुन्हा निघालो. गाडी थेट दारात उभी राहिली. जामच्या दरवाजाशी आईने नेहमीप्रमाणे थांबायला लावले. थंड वारा सुटला होता, खाली निमाडावर विरळ धुके होते. तिने हात जोडले, बराच वेळ जोडून ठेवले. मग गाडीत बसता बसता कंबरेला हात लावून म्हणाली, “त्या गाडीत झोप मात्र छान लागली होती रे.”

मी काहीच बोललो नाही. गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकली आणि घाट उतरू लागलो. वहीतले ते पान अजून मी फाडलेले नाही.