सुटा शब्द लिहायचा नाही

दिल्लीचा कस्तुरबा गांधी मार्ग, म्हणजे पूर्वीचा कर्झन रोड. चार्ल्स कोरियांनी आराखडा केलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत इथलीच, आणि २०१३ साली सुरू झालेलं नवं महाराष्ट्र सदनही. मी जायचे ते ३ नंबरच्या मॅक्स म्युलर भवनात, जर्मन शिकायला.

बाईंचा एकच दंडक होता : वहीत सुटा शब्द लिहायचा नाही. नुसतं ‘टिश’ (टेबल) नाही, ‘डेर टिश’. ‘डी लांपे’ (दिवा), ‘डास बुख’ (पुस्तक). डेर पुल्लिंगी, डी स्त्रीलिंगी, डास नपुंसकलिंगी. सोबत अनेकवचन. शाळेत इंग्रजीच्या शब्दार्थांची वही वेगळी आणि व्याकरणाची वेगळी असायची. दोन्ही भरत, पण तोंडातून वाक्य निघत नसे.

वर्गात बहुतेक हिंदीभाषक, त्यांच्याकडे लिंगं दोनच. तीन लिंगांची मराठी घेऊन आलेली मी जरा ऐटीत होते. पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी निघालंही. टेबल मात्र जर्मनमध्ये पुल्लिंगी.

खरी कसरत विभक्तीची. ‘स, ला, ते’ घोकलेल्यांना आठवेल, आपल्या द्वितीयेचे आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखेच आहेत. ‘मला विचार’, ‘मला उत्तर दे’, दोन्हीकडे ‘मला’. जर्मनमध्ये विचारताना ‘मिश’, उत्तर देताना ‘मिअर’. नुसतं कोष्टक पाठ करून कुठल्या क्रियापदाला काय लागतं ते कळत नाही. म्हणून ‘हेल्फेन’ (मदत करणे) लिहिलं की तिथेच चतुर्थी लिहायची. ‘वार्टेन’ला (वाट पाहणे) ‘आउफ’ आणि द्वितीया. आपणही बस‘ची’ वाट पाहतो, माणसा‘वर’ विश्वास ठेवतो, कुत्र्या‘ला’ घाबरतो. आपल्याला ते कुणी वेगळं शिकवलं नाही, शब्दाबरोबरच आलं.

मायकेल लुईस यांनी १९९३ साली ‘द लेक्सिकल अप्रोच’ या पुस्तकात शब्द आणि व्याकरण यांची ही फारकतच नाकारली. माझ्या मते आपल्याकडे ती अजून फार घट्ट आहे, मराठी शिकवण्यात तर जास्तच. हिंदीत आवाज स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. व्यक्तीचं नेमकं उलट. अशा वेळी नुसती शब्दांची यादी हिंदीभाषकाच्या काय कामाची?

तेव्हा दिल्लीत कुणाला मराठी शिकवत असाल, तर ‘पोळी, आंबा, केळं’ लिहून देऊ नका. ‘पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, केळं खाल्लं’ असं द्या.