नाक दाबल्याशिवाय

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, ही म्हण आमच्या घरात माणसांना कधी लावली गेली नाही. ती वडिलांच्या जावाच्या कार्बोरेटरची. त्याला चोक नव्हता. बाजूला एक छोटं बटण. ते दाबलं की आतला फ्लोट खाली जायचा, पेट्रोल वाटीतून उतू यायचं. अंगठा ओला झाला की मग किक. दोन थेंब कमी पडले तर म्हातारा ढिम्म, जास्त झाले तर प्लग भिजवून रुसून बसायचा.

मैसुरूच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून या गाड्या बनू लागल्या. आमची तिथे जन्मली, रत्नागिरीत नांदली आणि उतारवयात माझ्यामागून बोम्मसंद्राला आली, म्हणजे जवळजवळ माहेरीच. तिला मानवलं, त्याला नाही. इथली उंची सुमारे नऊशे मीटर, हवा विरळ, आणि हा अजून रत्नागिरीच्याच मापाने पेट्रोल ओततोय. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा लागते. याचा हिशेब कधीच सुटला होता. जन्मभर वर-खाली करून स्लाइड ढिली, सुई झिजलेली, तिचं भोक मोठं झालेलं. स्लो म्हणून बसेना. होसूर रोडच्या सिग्नलला एकदा उगाच किंचाळायचा, एकदा घशात खरखर करून गप्प. मागे कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग, आणि मी भर रस्त्यात अंगठा घेऊन वाकलेला.

मिस्त्रीने वाटी उघडली तर तळाशी पांढरी भुकटी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल; ते हवेतलं पाणी ओढतं आणि गाडी उभी राहिली की आतल्या धातूला खातं. त्याने स्लाइड घरात घालून हलवली. खुळखुळ्यासारखी वाजली. ‘मुगीतु,’ म्हणाला. संपलं. डॉक्टरही इतक्या थोडक्यात सांगत नाहीत.

नवा आला तो मिकुनी वळणाचा, 24 मिलिमीटरचा, चोकची दांडी असलेला. बसवायला तास गेला, समजवायला तीन दिवस. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेस द्यायची, तशीच बंद करायची, प्लग काढून पाहायचा. पहिल्यांदा काजळी. जेट एक नंबर लहान केला, तर बिस्किटाचा रंग. मी अजून एक लहान करू म्हणालो, ॲव्हरेजच्या लोभाने. मिस्त्रीने माझ्याकडे असं पाहिलं की पुरे. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमधूनच जातं, लिटरला चाळीस मिली. पेट्रोल आखडलं की ऑइलही आखडलं, आणि मग पिस्टन जाम.

एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आलं आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्बोरेटरची जात जवळजवळ गेलीच. आता पेट्रोल सेन्सरला विचारून येतं. बरंच आहे, पण रुसवा नाही म्हणजे काढायचीही सोय नाही.

दिवाळीत वडील आले. पिवळ्या लाइनच्या मेट्रोने शेवटच्या स्टेशनावर उतरले, चहाआधी गाडीपाशी गेले. कॉक उघडला, वाकले, अंगठा नेहमीच्या जागी गेला आणि तिथे चाचपत राहिला.

‘याला नाकच नाही रे,’ म्हणाले.

मी चोकची दांडी दाखवली. पहिल्या किकला सुरू झाली.

‘हं,’ म्हणाले, ‘आणि तो कुठाय?’

खिडकीतल्या डालड्याच्या डब्यात होता. त्यांनी काढला, बटण दोनदा दाबून पाहिलं आणि अंगठ्याचा वास घेतला.