लपण

आमच्या घरी लोणच्याची एक काचेची बरणी होती. हिरवट काचेची, बुडाशी हवेचा एक बुडबुडा कायमचा अडकलेला. लोणचं संपलं की ती माझी. पावसाळ्यात बांध्या भरल्या, बोडीचं पाणी धुऱ्यावरून उतरायला लागलं की आबाजी पाण्याच्या वाटेत बांबूचा पिंजरा लावायचे. सकाळी त्यात मासोळ्यांबरोबर झिंगे असायचे. आई ते चुलीवर न्यायची, त्यातले तीन-चार जिवंत मी बरणीत सोडायचे. जिवंत झिंगा जवळजवळ नसल्यासारखाच असतो. पोटातली एक काळी रेघ आणि डोळ्यांचे दोन ठिपके, बाकी पाणीच. पोंभुर्ण्यात मला कुठलं खेळणं इतका वेळ बसवून ठेवत नसे.

एका वर्षी त्याच बरणीत मी मरळीचं बोटभर पिल्लू टाकलं. संध्याकाळी झिंगे चार होते, सकाळी एक. शाळेतून आले तेव्हा तोही नव्हता. रागानं मी मरळ अंगणात फेकायला निघाले, तर आबाजींनी हात धरला. म्हणाले, "तिचा काय दोष? बोडीत दोघं सोबतच राह्यते. तिथं लपन आहे. तुह्या बरनीत लपाले जागा कोठं आहे, माय?"

शिकायला मुंबईला गेले तेव्हा समुद्र पहिल्यांदा पाहिला, आणि त्याच आठवड्यात मरीन ड्राइव्हवरचं १९५१ सालचं तारापोरवाला मत्स्यालय. पण ज्याच्यामुळे हा लेख लिहिते आहे तो मला भेटला एका दुकानातल्या लहानशा टाकीत. मॅन्टिस झिंगा. आपल्या धानाच्या ओंबीवर पुढचे पाय दुमडून बसणारा प्रार्थनाकीटक असतो ना, तसे याचे पाय. हिरवं अंग, नारिंगी पाय, देठांवर फिरणारे डोळे. मी डावीकडे सरकले तर एक डोळा माझ्याबरोबर आला, दुसरा उजवीकडच्या गोगलगायीवरच राहिला. तो घरी आणायची ऐपत तेव्हा नव्हती. ती आली वीस वर्षांनी, गावात शिक्षिका म्हणून स्थिरावल्यावर.

समुद्र इथून चारशे किलोमीटरच्या पलीकडे. म्हणून तो घरातच कालवावा लागला. गाळणीयंत्रातलं शुद्ध पाणी, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ. खडक म्हणून कोरडे सच्छिद्र दगड, कारण आपल्या किनाऱ्यावरची कठीण प्रवाळं वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत आणि ती उचलायची नसतात. मग सहा आठवडे रिकामी टाकी चालवली. विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या अन्नातून सुटणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट, आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू आधी दगडांत वसायला लागतात. त्यांच्याशिवाय कुठलाही जीव आपल्याच घाणीत मरतो. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा टाकीवर पंखा लावते. पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी वरून भरते. मीठ घालायचं नाही, फक्त पाणी.

मॅन्टिस आला रेल्वेनं बल्लारपूरपर्यंत, तिथून माझ्या मांडीवर. बुडाशी आधीच अ‍ॅक्रिलिकची जाड पाटी टाकून ठेवली होती, कारण याच्या ठोशानं काच तडकू शकते. २००४ साली बर्कलेच्या शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ठोसा अतिवेगवान कॅमेऱ्यानं मोजला. वेग सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरहून जास्त, तोही पाण्यात. स्नायूंच्या एकट्या जोरावर हे होत नाही. पायातली एक कमान धनुष्यासारखी ताणून अडकवलेली असते, ती सुटते. पाणी इतकं झपाट्यानं बाजूला होतं की मध्ये वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ते फुटतात तेव्हा भक्ष्याला दुसरा तडाखा बसतो. गोगलगाय हेरावी, मिशांनी चाचपावी, शंख हव्या त्या बाजूला वळवावा, आणि टक्. शेजारच्या खोलीत वह्या तपासताना मला तो आवाज ऐकू येतो.

आणि इथं मी बरणीतली चूक पुन्हा केली. ठोसेवाले मॅन्टिस कवचाचे जीव खातात, मासे आणि झिंगे भाल्यासारख्या पायांचे खातात, असं वाचलं होतं. विक्रेत्यानंही सांगितलं, सफाईवाले झिंगे खुशाल सोडा. पाठीवर पांढरा पट्टा असलेले दोन लाल झिंगे मी सोडले. पहिले काही दिवस त्यानं बिळाचं तोंड खडीनं बंदच करून घेतलं होतं. कात टाकत होता. नव्या कवचात ठोसा मारता येत नाही, म्हणून तो दार लावून बसतो. लाल झिंगे दिवसभर उघड्यावर फिरायचे, मिशा हलवायचे, आणि मला वाटलं, जमलं.

सहाव्या रात्री दार उघडलं. सकाळी वाळूवर दोन पांढऱ्या मिशा तेवढ्या पडल्या होत्या. मी टाकीपुढे जमिनीवर बसले आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या टाकीत लपण एकच होतं, आणि ते त्याचं होतं. पुस्तकातला नियम खोटा नव्हता. पण कवच फोडणारा म्हणजे मऊ अंगाचं सोडून देणारा नव्हे. समुद्रात तो झिंगा एका शेपटीच्या झटक्यात फटीत गेला असता. माझ्या टाकीत चारही बाजूंना काच होती. त्या दोन झिंग्यांचा मृत्यू माझ्या हातून झाला, त्याच्या नव्हे.

त्यानंतर मी बोडी-तलावांकडेही वेगळ्या नजरेनं पाहू लागले. आपले मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मालगुजारी १९५० च्या कायद्यानं संपल्यावर सरकारकडे आले. पुढे त्यांत रोहू, कटला, मृगल यांचं विकतचं बीज पडू लागलं, आणि काठांवर बेशरमाची झुडपं माजली. देवधान आणि पाण्यातलं गवत गेलं तिथं गावठी मासोळी कमी झाली, हे ढिवरांना कोणी शिकवावं लागत नाही. अंडी कुठं चिकटवायची, पिल्लांनी कुठं दडायचं? भंडारा-गोंदियाकडे ढिवरांच्या संस्थांनी आणि महिलांच्या गटांनी बेशरम उपटून तलावांत पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि देशी मासे परतले. मरळही परतली, जी बाकीच्यांना खाते. मला ते काम फार मोलाचं वाटतं. तलावातून शिकारी काढला नाही, लपण परत दिलं.

माझ्याकडे येणारी मुलं विचारतात, मॅडम, त्याला सोबती का नाही? मी त्यांना हिरवी बरणी दाखवते. ती अजून आहे, बुडबुड्यासकट. ज्यांना हा जीव पाळायची हौस असेल त्यांना एवढंच सांगते: दुसरी टाकी परवडत नसेल तर झिंगे आणू नका, आणि त्याला एकटं ठेवणं जमत नसेल तर त्यालाही आणू नका. माझ्या घरी आता दोन टाक्या आहेत. मोठीत सात लाल झिंगे आहेत. लहानीत तो, एकटा. त्याचा हा तिसरा उन्हाळा.