खर्जाच्या तारा

बारावीला लातूरला होतो. ‘लातूर पॅटर्न’च्या त्या खोलीत गिटार म्हणजे गुन्हाच. रात्री तळहाताची कड ब्रिजजवळ टेकवून, आवाज दाबून वाजवायचो. बारीक तारांवर हात पळायचा. खर्जाच्या तारांवर आला की रुतायचा. (गिटारवर या ‘खालच्या’ तारा वरच्या बाजूला असतात, हा गोंधळ वेगळाच.)

नेहमीच्या संचात पहिली तार ०.०१० इंच, सहावी ०.०४६. शिवाय तिच्यावर धातूचे वेटोळे. पिक खोल गेले की त्यात अडकते. मी मात्र जोर वाढवत गेलो. कोपरापर्यंत हात दुखू लागला, पेपर लिहिताना पेन सुटू लागले.

सुट्टीत नांदेडला मामूंनी पाहिले. ते कव्वालीत बँजो वाजवायचे, कंधारच्या उरुसापर्यंत जायचे.

“कोहनी कायकू हिलारा रे? कलाई हिला. इत्ता नक्को डुबा.”

दाखवायला पिक घेतले, पण बोटे थरथरली. काही न बोलता परत दिले.

मग पिकचे फक्त टोक, जरा तिरके. तार बदलताना मनगट न मोडता अख्खा हात सरकवायचा. मेट्रोनोम ६०, ठोक्याला चार स्वर. हात सैल राहिला तरच ६४.

आता १२० जमते. पाचवीवरून सहावीवर जाताना अजून हुकतो. मामू बाजेवर पडून ऐकतात. हुकलो की खाकरतात.