तुकोबांच्या वाटेवरचे एक भजन

पुण्याहून इंदापूर गाठायचे तर सोलापूरचा हमरस्ता सरळ आणि सोपा. पण मराठी शिकवणाऱ्या माणसाने बारामती चुकवून जाणे म्हणजे आळंदीला जाऊन इंद्रायणी न पाहण्यासारखेच! म्हणून गेल्या नाताळात इंदापूरच्या एका जुन्या विद्यार्थ्याने "सर, यंदा फराळाला आमच्याकडे याच," असा आग्रह धरला, तेव्हा मी मुद्दाम वाकडी वाट करून बारामतीची एस. टी. धरली.

बारामती म्हणजे आमच्या मोरोपंतांचे गाव. पंत जन्मले पन्हाळ्याला, 1729 साली. पण बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते इथे आले आणि 1794 साली देह ठेवीपर्यंत इथलेच झाले. कऱ्हेच्या काठी उभा राहिलो. पात्रात पाणी बेताचेच होते. याच काठी बसून या गृहस्थाने एकशेआठ रामायणे रचली आणि महाभारत आर्येत उतरवले. ओळीला तीस मात्रा, त्यात एकीचाही ढळ नाही. पंतांच्या आर्या कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या, आणि रचणारा कोण हे ठाऊक नसलेल्या माणसांच्याही ओठी त्या बसल्या. वर्गात हे मी दरवर्षी सांगतो. सांगणे सोपे असते. त्याचा अर्थ मला पुढे इंदापुरात कळायचा होता.

बारामतीहून इंदापूरकडे जाणारा रस्ता तुकोबांच्या पालखीचा. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला घोडे धावतात; मग अंथुर्णे, निमगाव केतकी, आणि इंदापूर. मी गेलो तेव्हा आषाढ दूर होता. दोन्ही बाजूंना नीरेच्या डाव्या कालव्यावरचा ऊस उभा होता आणि गाडीपुढे कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या डुलत होत्या. कंडक्टरने दोनदा घड्याळ पाहिले. मला मात्र घाई नव्हती.

इंदापूर हे मालोजीराजांचे गाव. शिवछत्रपतींचे हे आजोबा इथल्याच लढाईत कामी आले. माझ्या विद्यार्थ्याचे घर गढीपासून फार लांब नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातले 'चर्चेस ऑफ क्राइस्ट'चे मिशनरी बारामतीस आले आणि या टापूत त्यांचे काम पसरले. त्या काळापासून हे घराणे ख्रिस्ती. दारात रांगोळी, आत चांदणीचा कंदील, ताटात करंज्या आणि शंकरपाळी. मी क्षणभर दिवाळीच समजलो!

संध्याकाळी उपासनेला गेलो. आधी पेटीवर इंग्रजी चालीची दोन गीते झाली. शब्द मराठी होते, पण जरा अवघडून बसलेले. पाहुण्याने परक्या घरी पाटाच्या कडेवर बसावे तसे! याचे कारण सरळ आहे. इंग्रजी गीतांचा एक नेहमीचा साचा आठ-सहा-आठ-सहा अवयवांचा, आणि त्यांची लय शब्दावरच्या आघातावर चालते. मराठी ऐकते ऱ्हस्व-दीर्घाने. आघात पडेल तिथे आमचे बापडे ऱ्हस्व अक्षर ताणले जाते आणि अर्थ मागे राहतो. भाषांतरकाराचे हे कष्ट कोणी मोजत नाही.

तशी ही गीते एका हाताची नसतातच. महात्माजींना प्रिय असलेले 'अबाइड विथ मी' घ्या. शब्द हेन्री लाइटचे, 1847 सालचे; त्याच वर्षी तो वारला. आज सर्वत्र ओळखीची असलेली चाल विल्यम मंकने दिली 1861 साली. म्हणजे कवीने ती कधी ऐकलीच नाही! पुढे कोणी ती लष्करी बँडसाठी बसवली, आणि दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याच्या समारोपाला ती 2021 पर्यंत वाजत राहिली. ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना ही नावे ठाऊक होती?

मग पेटी सरली, मृदंग आणि झांजा पुढे आल्या, आणि एक अभंग सुरू झाला. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे ते ओळखीचे पाऊल. सगळी सभा एकदम मोकळी झाली. ख्रिस्ताला आई म्हणून मारलेली हाक होती, आणि शेवटी मुद्रा 'दास' अशी. माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. मी शेजारी वाकून म्हटले, "जुन्या एखाद्या संताचा अभंग दिसतो. शब्द बदलून घेतलेत, नाही?"

विद्यार्थी गप्प राहिला. त्याची आजी मात्र झांज थांबवून म्हणाली, "गुरुजी, हे टिळकांचं हाय. आमचं कुणाचं उसनं न्हाई."

मी ओशाळलो. नारायण वामन टिळक! 'केवढे हे क्रौर्य' आणि 'वनवासी फूल' मी वीस वर्षे शिकवतो. फुलामुलांचा कवी, लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तला विक्षिप्त नवरा, बालकवींना घरी ठेवून घेणारा वडीलधारा, एवढा टिळक मला पाठ. पण 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर ज्याने परक्या चालींतून ख्रिस्ती उपासना सोडवून अभंग-भजनात आणली, तो टिळक मी वर्गाबाहेरच ठेवला होता. नगरकडे त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती पदे रचून कीर्तने केली होतीच. टिळकांनी ती वाट रुंद केली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. पुढे निकोल मॅकनिकॉल या स्कॉटिश मिशनऱ्याने त्यांची भजने इंग्रजीत नेली आणि ती तिकडच्या गीतसंग्रहांत जाऊन बसली. याच मॅकनिकॉलने 1919 साली, म्हणजे टिळक वारले त्याच वर्षी, मराठी संतांचे एकशेआठ अभंग इंग्रजीत प्रसिद्ध केले. तेव्हा उलटा प्रवासही झाला आहे, आणि आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना त्याचा पत्ता नाही!

रात्री अंगणात बसलो असता विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, तुम्ही टिळक शिकवलेत, त्या दिवशी मी हात वर करणार होतो. आमच्या घरी त्यांची भजनं रोज म्हणतात, हे सांगायचं होतं."

"मग केला का नाहीस?"

"वर्गात मी एकटाच होतो ना, सर."

यावर मला काही बोलता आले नाही. त्याने हात वर केला नाही हा त्याचा संकोच. पण हात वर करावासा वाटेल अशी जागा माझ्या तासात नव्हती, हा दोष माझा.

सकाळी निघताना आजीने करंज्यांची पुरचुंडी हाती दिली आणि म्हणाली, "आषाढात या. पालखी आली की आमीबी पाणी घिऊन रस्त्यावर हुबं असतो."

यंदा जूनमध्ये टिळकांचा तास आला. आधी 'वनवासी फूल' घेतले. मग पुस्तक मिटून तो अभंग म्हटला. माझा गळा बेताचाच, मुले हसली. कवी कोण, असे विचारताच कोणी तुकाराम म्हणाले, कोणी रामदास. मागच्या बाकावरून एक हात मात्र हळूहळू वर आला.