निमित्त

सांगलीच्या हळदबाजारात अण्णांची अडत जुनी. संध्याकाळी रोकड जुळल्याखेरीज ते पेढीवरून उठत नसत. पाच रुपयांचा फरक असला तरी तो कोठे पडला हे सापडेपर्यंत वही मिटली जात नसे. अशा माणसाच्या वाट्याला न जुळणारा हिशेब आला.

मुलगा २३ वर्षांचा, निर्व्यसनी, धडधाकट. बॅडमिंटन खेळताना कोसळला आणि रुग्णालयात पोचण्यापूर्वीच गेला. तेथील डॉक्टरांनी शवविच्छेदन सुचविले. ‘पोराची चिरफाड नको,’ असे वडीलधारे म्हणाले आणि अण्णांनी मान हलविली. ओळखीच्या डॉक्टरांकडून दाखला मिळाला. त्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ एवढेच होते. हृदयक्रिया तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते. ती का बंद पडली, हे त्या ओळीत नव्हते.

सांत्वनाला येणारा प्रत्येकजण ‘आयुकर्म तेवढेच होते’ असे म्हणे. अण्णांचा त्यावर विश्वास होता. परंतु शास्त्राने कर्माबरोबर निमित्तही मानले आहे, आणि ते निमित्त कोणते, हा प्रश्न त्यांना झोपू देईना. वृद्धाला सल्लेखनेची तयारी करता येते. या मुलाला णमोकार म्हणण्याइतकाही अवकाश मिळाला नव्हता. इष्टवियोगाचे चिंतन हे आर्तध्यान होय, हे ते स्वाध्यायात अनेकदा ऐकून होते. आपला शोध त्यातलाच तर नव्हे, असे त्यांनी चातुर्मासासाठी आलेल्या मुनिमहाराजांना विचारले. ‘गेलेल्यासाठी शोधत असाल तर तेच. राहिलेल्यांसाठी शोधत असाल तर ती जीवदया,’ असे उत्तर मिळाले.

अण्णा पुण्याच्या एका हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. मुलाला श्रम करताना कधी भोवळ आली होती का? घरात कोणी तरुणपणी अकस्मात गेले होते का? अण्णांना सतराव्या वर्षीची शाळेतली शर्यत आठवली. मुलगा धावता धावता पडला होता आणि आदल्या दिवशीच्या उपवासावर सर्वांनी बोट ठेवले होते. मग धाकटा भाऊ आठवला. पट्टीचा पोहणारा, एकोणिसाव्या वर्षी विहिरीत गेला होता.

अण्णांचीच इको तपासणी झाली. हृदयाच्या दोन कप्प्यांमधील भिंत जाड निघाली. हृदयस्नायूचा हा आनुवंशिक विकार सुमारे ५०० माणसांत एकाला असतो. पुष्कळांना जन्मभर त्रास होत नाही. काहींच्या हृदयाचा ठोका मात्र एकाएकी बिघडतो. आईवडिलांपैकी एकात दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. मुलाचे हृदय तपासले गेले असते तर कदाचित खात्री पटली असती. आता केवळ अनुमान उरले. परंतु ज्या वारशाचा माग ते काढीत होते, तो त्यांच्याच रक्तातून गेला असावा, हे ओझे अनुमानानेही हलके होईना.

घरी वीस वर्षांची मुलगी होती. इचलकरंजीच्या एका घराण्याशी तिच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. ‘तपासणीचे बाहेर कळले तर पोरीला कोण करून घेईल?’ असे आजी म्हणाल्या. मुलीच्या आईनेही डोळ्यांना पदर लावला. एकदा वडीलधाऱ्यांचे ऐकून मान हलविलेले अण्णा या वेळी मात्र हलले नाहीत.

मुलीच्या हृदयातही तीच वाढ निघाली, परंतु आरंभीची. औषध सुरू झाले, चुरशीचे खेळ बंद झाले, ठरावीक काळाने तपासणी ठरली. वेळ आली तर ठोका सावरणारे यंत्र त्वचेखाली बसविता येते, हेही समजले. अण्णांनी स्वतः जाऊन वरपक्षाला सर्व सांगितले. तिकडून पुन्हा निरोप आला नाही. त्यांनी विहिरीत गेलेल्या भावाखेरीज उरलेल्या भावंडांनाही मुलांसह तपासणीस पाठविले. दोघांनी ऐकले, एकाने संबंध तोडला.

त्या वर्षी क्षमावणीच्या दिवशी अण्णा मुलाच्या तसबिरीपुढे बराच वेळ उभे होते. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. तिच्यापुढे हात जोडून ते म्हणाले, ‘बाळ, हे तुला माझ्याकडूनच आलं. क्षमा कर.’

‘अण्णा, आजार तुमच्याकडून आला आणि तो कळलाही तुमच्यामुळंच,’ ती म्हणाली. ‘दादाला कळला नव्हता.’

संध्याकाळी अण्णा पेढीवर गेले. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी वही वेळेवर मिटली.