चीनची पोरं युरोपला कशाला जातात?

आमची धाकटी लेक जर्मनीत शेतीशास्त्र शिकायला गेली, तेव्हापासून आमच्या ओट्यावर बसणाऱ्या मंडळींना बोलायला एक नवा विषय मिळाला आहे. थंडी किती पडते, भाकरी मिळते का, गोरे लोक नीट वागतात का, हे सगळं विचारून झालं. मध्यंतरी चुलत दिरांनी मात्र वेगळाच प्रश्न काढला. म्हणाले, "वहिनी, तिकडं चिनी पोरं फार आहेत म्हणता. पण चीन तर आता सगळं स्वतःच बनवतो. आपल्या हातातला मोबाइल तिथला, फवारणीच्या पंपाची बॅटरी तिथली. मग त्यांची पोरं युरोपात शिकायला कशाला जातात?"

प्रश्न साधा नाही. मी दोन महिने लेकीजवळ राहून आले, म्हणून थोडंफार सांगू शकते. स्टुटगार्ट शहराच्या कडेला होहेनहाईम नावाचं शेतीचं जुनं विद्यापीठ आहे, ती तिथं शिकते. तिघी मुलींचं एकत्र बिऱ्हाड. एक आमची, एक तिथलीच जर्मन, आणि तिसरी चीनच्या हबेई प्रांतातली. माझं इंग्रजी शाळेपुरतं, त्यामुळे बोलणं लेकीच्या तोंडूनच व्हायचं. पण संध्याकाळी भाजी निवडायला तिघी बसलो की दुभाष्याची फारशी गरज पडत नसे. ती मला पहिल्या दिवसापासून "आयी" म्हणायची. मला वाटलं, लेकीचं ऐकून आई म्हणते. पुढे कळलं की त्यांच्या भाषेत आयी म्हणजे मावशी!

ती शेतकऱ्याचीच मुलगी. तिच्या घरची जमीन आठ मू. एक मू म्हणजे आपले साडेसहा गुंठ्यांहून थोडं जास्त धरा, म्हणजे सगळी मिळून सुमारे एक एकर तेरा गुंठे. हिवाळ्यात गहू, उन्हाळ्यात मका. एवढ्या जमिनीवर मुलगी जर्मनीला कशी आली, हे मी तिला विचारलंच. आम्ही लेकीसाठी रस्त्याकडेचे वीस गुंठे विकले होते. सासूबाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणंच मला फार दिवस टोचत राहिलं. म्हटलं, तुम्ही किती विकली? ती हसली. म्हणाली, आमच्याकडे जमीन विकताच येत नाही.

हे मला नवीन होतं. चीनमध्ये शेतजमीन गावाच्या समूहाची. कुटुंबाला ती कसायला करारानं मिळते. दुसऱ्याला कसायला देता येते, पण विकून पैसे करता येत नाहीत. मग पैसा आला कुठून? वडील अठरा वर्षं तिएनजिनला इमारतींच्या कामावर आणि आई कपड्यांच्या कारखान्यात. पोरगी वाढली आजीजवळ. वडील घरी येणार वर्षातून एकदा, त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाला. तिथल्या खेड्यांत अशी लाखो मुलं आजी-आजोबांजवळ वाढली. आपल्याकडच्या ऊसतोडणीवाल्यांची मुलं डोळ्यांपुढे आणा. आम्ही जमीन दिली, त्यांनी अठरा वर्षांचा सहवास दिला. कोणाचं महाग पडलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मूळ प्रश्न. पहिलं कारण त्यांची बारावीची परीक्षा. तिला गाओकाओ म्हणतात. दर वर्षी जूनच्या सात तारखेला सुरू होते. २०२४ साली एक कोटी चौतीस लाख मुलांनी त्यासाठी नाव नोंदवलं. आपण लातूर पॅटर्नचं आणि कोट्याच्या क्लासचं कौतुक करतो, पण हबेईतल्या मुलांचा दिवस ऐकला की आपली मुलं सुखात आहेत असं वाटतं. पहाटे साडेपाचला उठणं, जेवणाच्या रांगेतही हातात वही. आणि एवढं करून गंमत अशी, की नाव ज्या प्रांतात नोंदलेलं असेल तिथूनच साधारणपणे परीक्षा द्यायची, आणि प्रत्येक विद्यापीठ कोणत्या प्रांताला किती जागा देणार हे आधीच ठरलेलं. बीजिंगच्या नोंदीच्या मुलाला तिथल्या नामांकित विद्यापीठात शिरणं जितकं सोपं, तितकं शेजारच्या हबेईच्या मुलाला नाही. ती म्हणाली, "आमच्या गावाहून रेल्वेनं बीजिंग दोन तासांवर आहे, पण परीक्षेच्या हिशेबानं जर्मनीच जवळ पडलं."

पदवीनंतर पुढं शिकायचं तर पुन्हा एक परीक्षा, तीही वर्षातून एकदाच. २०२३ च्या प्रवेशासाठी सत्तेचाळीस लाख मुलं त्या परीक्षेच्या यादीत होती. हिचं त्यात थोडक्यात हुकलं. कित्येक जण पुन्हा वर्षभर घरी बसून अभ्यास करतात. तिनं तेच वर्ष जर्मन शिकण्यात घातलं.

दुसरं कारण पैशाचं. अमेरिकेतल्या मोठ्या खासगी विद्यापीठांची नुसती फी वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या पुढं जाते. जर्मनीत बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फीच नाही. आमच्या लेकींचं नशीब असं, की स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्यानं २०१७ पासून युरोपाबाहेरच्या मुलांना सहामाहीला दीड हजार युरो फी लावली. तरी अमेरिकेपुढं ती काहीच नाही. खरा भार दुसराच असतो. वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच बँकेत अडकवून दाखवावी लागते, आणि ती महिन्याला ठरावीक एवढीच काढता येते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो झाली, म्हणजे आपले बारा लाख रुपये धरा. आमचे वीस गुंठे तिथंच गेले.

शिवाय कागदपत्रं तपासणारी जर्मनीची एक कचेरी आहे. तिची मोहोर असल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. बीजिंगमध्ये ती २००१ पासून आहे. आपल्या मुलांना ही अट २०२२ च्या अखेरीला लागली. म्हणजे या रांगेत चिनी पोरं आपल्या वीस वर्षं आधीपासून उभी आहेत.

तिसरं कारण राजकारणाचं. त्यावर ती मुलगी फारसं बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेनं २०२० साली काही चिनी संस्थांतून आलेल्या, पुढचं शिक्षण घेणाऱ्या मुलांना दार बंद केलं. संशोधकांवर संशय, विमानतळावर चौकशा. २०१९-२० मध्ये तिथं तीन लाख बहात्तर हजार चिनी विद्यार्थी होते, ते २०२३-२४ मध्ये दोन लाख सत्त्याहत्तर हजारांवर आले. ज्याला शिकायचं आहे तो घरी थोडाच बसणार? एक दार लोटलं तर माणूस दुसरं ठोठावतो.

पण युरोपची वाट काही आत्ताची नाही. या भागात मला फार रस वाटला, म्हणून जरा सविस्तर सांगते. ली शिजंग नावाचा एक चिनी तरुण १९०२ साली फ्रान्सला गेला आणि माँतार्जी गावाजवळच्या शेतकी शाळेत शिकला. मग त्यानं सोयाबीनचा अभ्यास केला, आणि १९०९ च्या सुमाराला पॅरिसजवळ सोयाबीनच्या दुधाचं पनीर, म्हणजे त्यांचा तोफू, करण्याचा कारखाना काढला. आपल्या लातूर-वाशीमच्या मंडळींनी हे ऐकून ठेवावं. कामगार चीनहून आणले. दिवसा काम, रात्री शाळा. त्यातूनच पुढं "कमवा आणि शिका" अशी मोठी चळवळ उभी राहिली. १९१९ ते १९२१ या काळात सोळाशेच्या आसपास चिनी मुलं-मुली फ्रान्सला गेल्या. आपल्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली तीही १९१९ सालीच, हा योगायोग मला सातारा जिल्ह्यातली म्हणून सांगावासा वाटतो!

त्या मुलांत सोळा वर्षांचा तंग श्याओफिंग होता. १९२० साली बोटीनं मार्सेलला उतरला. शिकण्याचे पैसे लवकरच संपले. मग पोलादाच्या कारखान्यात राबला, माँतार्जीजवळ रबरी बुटांच्या कारखान्यातही राबला. पाच वर्षांत त्याला शाळा थोडी मिळाली, घाम पुष्कळ. पुढं चीनमध्ये १९६६ पासून अकरा वर्षं गाओकाओ बंद राहिली. शिकणारी मुलं खेड्यात धाडली गेली, प्राध्यापकांची धिंड निघाली. हाच तंग सत्तेवर परतल्यावर १९७७ च्या डिसेंबरमध्ये ती परीक्षा पुन्हा सुरू झाली. सत्तावन्न लाख बसले, पावणेतीन लाखांच्या आत घेतले गेले. आणि १९७८ मध्ये त्यानंच सांगितलं, की मुलं बाहेर पाठवा, दहा-वीस नव्हे, हजारांनी पाठवा. स्वतः जाऊन आलेला होता, म्हणून भ्याला नाही, असं मला वाटतं.

जे गेले त्यांतले काही परत आले, त्यांची नावं घ्यायला हवीत. वान कांग हा तरुणपणी खेड्यात धाडलेल्यांपैकीच एक. त्यानं जर्मनीत क्लाउस्टालला १९९१ साली डॉक्टरेट केली, ऑडी कंपनीत नोकरी केली, २००० च्या सुमाराला परतला, आणि २००७ साली चीनचा विज्ञानमंत्री झाला. चीनच्या विजेच्या गाड्यांमागं त्याचं नाव आधी घेतलं जातं. दुसरे झांग फूसुओ. हे आमच्या लेकीच्या होहेनहाईमलाच शिकलेले, पिकांच्या अन्नद्रव्यांचे जाणकार. त्यांच्या बीजिंगच्या कृषी विद्यापीठानं २००९ मध्ये हबेईच्याच छूजो तालुक्यात एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी वसतिगृहात न राहता गावात, शेतकऱ्याच्या घराशेजारी बिऱ्हाड करायचं. बांधावर जायचं, खत केव्हा आणि किती, हे शेतकऱ्याबरोबर ठरवायचं.

त्याच विद्यापीठाच्या पुढाकारानं २००५ ते २०१५ मध्ये देशभर दोन कोटींवर शेतकऱ्यांपर्यंत असा सल्ला पोचवला गेला. गहू, मका, भात यांचं उत्पन्न सरासरी अकरा टक्क्यांनी वाढलं, आणि नत्र खत पंधरा ते अठरा टक्क्यांनी कमी लागलं. हे आकडे २०१८ साली "नेचर" या मोठ्या शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. उसाला डोळे झाकून युरियाची पोती ओतणाऱ्यांनी ते दोनदा वाचावेत. आमच्या घरातही असे आहेत.

तिकडं जाणारं प्रत्येक पोर असं काही करण्यासाठी जातं असं मात्र समजू नका. पुष्कळांना नुसता सोन्याचा मुलामा हवा असतो. त्यांच्या भाषेत शब्दही तोच आहे. इंग्लंडात एका वर्षात वरची पदवी मिळते, म्हणून पैसेवाल्यांची तिकडं रीघ. अशा पदवीला चिनी पोरं "पाण्याची पदवी" म्हणतात, आपण पाणचट म्हणू. १९८० पासून २०१५ पर्यंत एकच मूल, असा कायदा होता. शहरात चार आजी-आजोबा आणि दोन आई-बाप मिळून एका पोरावर पैसा लावणार, तर तो परदेशाला का पोचणार नाही? हिच्या घरी एक धाकटा भाऊ आहे, कारण पुष्कळ प्रांतांत खेड्यातल्या माणसाला पहिली मुलगी झाली तर दुसरं मूल चालत असे. तो बॅटरीच्या कारखान्यात लागला. शिकली ती मुलगी. हे ऐकून मला तिच्या आईला भेटावंसं वाटलं.

परतणाऱ्यांना तिकडं "समुद्री कासव" म्हणतात, कारण परत येणारा आणि कासव यांचा उच्चार एक. परतून नोकरी न मिळालेला तो "समुद्री शेवाळ". शेवाळं आता वाढली आहेत. २०२३ च्या जूनमध्ये शहरांतल्या सोळा ते चोवीस वयाच्या तरुणांत बेकारी एकवीस टक्क्यांवर गेली. मग सरकारनं आकडा छापणंच काही महिने थांबवलं, आणि मोजणीची रीत बदलून पुन्हा सुरू केलं. २०२५ साली तिथून एक कोटी बावीस लाख पदवीधर बाहेर पडले. जर्मनीत २०२२-२३ पासून भारतीय मुलांची संख्या चिन्यांच्या पुढं गेली आहे. दिरांनी तो प्रश्न आता आपल्याच पोरांबद्दल विचारायला हरकत नाही.

एक राहिलंच. मी सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं नाव काढलं, तर तिला ते "क दीह्वा" या चिनी नावानं ठाऊक. १९३८ साली गेले आणि १९४२ साली हबेईतच वारले. त्यांची समाधी शिजियाझुआंगला आहे, आणि तिच्या शाळेची सहल तिथं गेली होती. आमच्या लेकीला मात्र ते नाव मला सांगावं लागलं.

तिची पदवी पूर्ण झाली आहे. जर्मनी त्यापुढं नोकरी शोधायला अठरा महिने देते. त्यांतले सात संपले. एका बियाण्यांच्या कंपनीत मुलाखत झाली, उत्तर आलेलं नाही. वडील आता साठीला आले, इमारतीवर चढवत नाही, म्हणून गावी परतून तो आठ मूंचा तुकडा स्वतः करतात. आई फोनवर नोकरीचं विचारत नाही, जेवलीस का एवढंच विचारते. आमच्या लेकीचे अठरा महिने येत्या वसंतात सुरू होतील. विकलेल्या वीस गुंठ्यांत घेणाऱ्यानं यंदा आडसाली लावला आहे. चांगला फुटला आहे.